निर्धास्त आणि समरस

हृदयाच्या झडपांचा भाग अर्ध्यावर आला होता, तेव्हा वैजनाथ गुट्टे बाकावरून उठला.

"पाणी प्यायचंय का?" शिवलीला मॅडमनी फळ्याकडे तोंड ठेवूनच विचारलं.

"नाही मॅडम. मी जातोय. क्लास सोडूनच जातोय. तुम्ही शिकवता छान, पण मला डॉक्टर व्हायचं नाही. आज सकाळी दात घासताना कळलं. मग इथं जागा अडवून बसण्यात काय अर्थ?"

त्याच्या आवाजात राग नव्हता, रडूही नव्हतं. त्याने दप्तर खांद्याला लावलं, मॅडमना नमस्कार केला आणि दार हळूच लोटून तो निघून गेला.

वीसेक वर्षं जीवशास्त्र शिकवताना शिवलीला बिराजदारने रडणारी मुलं पाहिली होती, पळून जाणारी पाहिली होती, पेपरच्या आदल्या दिवशी चक्कर येऊन पडणारी पाहिली होती. वैजनाथच्या जाण्याने ती हबकली नाही. तिला हबकवलं ते बाकीच्यांनी. एवढा मोठा हॉल भरलेला, पण एकानेही मान वळवली नाही, की शेजाऱ्याच्या कानात काही कुजबुजलं नाही. पहिल्या रांगेतल्या आम्रपाली कांबळेने हात वर केला आणि विचारलं, "मॅडम, झडप उलट्या बाजूने उघडली तर रक्त कुठे जाईल?"

'शिखरवेध' हा क्लास शिवलीलाचा आणि तिच्या नवऱ्याचा. उमाकांत बिराजदार एके काळी पदार्थविज्ञान शिकवायचे. आता ते फक्त भाषणं करत. लातूरच्या त्या भागात पाच-पाच मजली वसतिगृहं एकमेकांना खेटून उभी होती, आणि प्रत्येकात एकाच वेळी उठणारी, एकाच रंगाचा ट्रॅकसूट घालणारी, एकाच पद्धतीने केस कापलेली मुलं राहत. 'एक ध्येय, एक वाट' हे उमाकांतरावांचं वाक्य प्रत्येक जिन्यात रंगवलेलं होतं.

काही वर्षांपूर्वी यंत्रं शिकवायला लागली, तेव्हा हे क्लास बुडतील असं सगळे म्हणत होते. झालं उलटंच. शिकवणं फुकट झालं, पण एकत्र बसवणं महाग झालं. घरी एकटा बसलेला मुलगा भलतंच काही व्हायचं ठरवील, अशी आईबापांना धास्ती होती. चार पोरांच्या रांगेत बसला की तो रांगेतच राहतो. लोक मुलांना लातूरला पाठवत ते या रांगेसाठी.

रांग मुलांना गिळतही होती. कधी एखाद्या वसतिगृहातली एखादी खोली महिनोन्‌महिने कुलूप लावून ठेवावी लागे, आणि त्या मजल्यावरची मुलं त्या दारासमोरून जाताना भिंतीच्या बाजूने चालत. म्हणूनच प्रणिता कासले भीती घालवणारा, नाकात मारायचा फवारा घेऊन आली, तेव्हा उमाकांतरावांनी तिला दारातूनच आत ओढलं होतं.

प्रणिता ही शिवलीलाची जुनी विद्यार्थिनी. डॉक्टर न होता ती मेंदूच्या संशोधनाकडे वळली होती, आणि पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत काम करत होती. फवाऱ्याचं नाव 'निर्धास्त'. आठवड्यातून एकदा, प्रत्येक नाकपुडीत एकदा. वर्ष होत आलं होतं. मुलं झोपू लागली होती, जेवू लागली होती. सराव परीक्षांचे गुण वाढले होते. आणि आता वैजनाथ.

शिवलीलाने त्याच दुपारी प्रणिताला बोलावून घेतलं.

"नेमकं काय करतं गं हे औषध? सोपं करून सांग. मी पालकांना काय सांगू?"

प्रणिताने टेबलावरचा स्टीलचा पेला पुढे ओढला. "समजा मॅडम, हा पेला कडक तापलाय आणि तुम्ही तो उचलला. मेंदूच्या मध्यभागी, कपाळाच्या थोडं मागे, एक पट्टा आहे. तो ओरडतो, 'चुकलं!' तुम्ही बेरीज चुकलात तरी तोच ओरडतो. करायचं होतं एक आणि झालं भलतंच, की त्याने बोंब मारायची, एवढंच त्याचं काम."

"हे मी शिकवते."

"पुढचं पुस्तकात नाही. समजा दहा जण एका रेघेला लांब म्हणतायत आणि तुम्हाला ती आखूड दिसतेय. ती खरंच आखूड आहे. तुमचं उत्तर बरोबर आहे. तरी तो पट्टा ओरडतो. हात भाजल्यावर जसा ओरडतो, तसाच. वेगळं असणं आणि चुकणं यातला फरक त्याला कळत नाही. हजारो वर्षं कळपातून बाहेर पडलेला माणूस मरतच होता, म्हणून असेल. आपल्या मुलांना परीक्षेची भीती नव्हतीच मॅडम. ती रांगेतून बाहेर पडण्याची भीती होती. 'निर्धास्त' त्या ओरडण्यालाच गप्प करतं."

"मग बेरजेतली चूकसुद्धा कळायची नाही."

"ती कळते. तिला दुसरे रस्ते आहेत. फक्त लोकांहून वेगळं असणं ही चूक वाटेनाशी होते."

शिवलीलाने पेला बाजूला सारला. "हे तू आम्हाला आधी सांगितलं होतंस?"

"सरांना सांगितलं होतं. ते म्हणाले, भीती जाते ना, मग बास."

दिवाळीपर्यंत एकतृतीयांश हॉल रिकामा झाला. मुलं भांडून गेली नाहीत. सांगून, नमस्कार करून गेली. एका मुलीने शेळ्या पाळायला घेतल्या. एकाने मठाची वाट धरली आणि दुसऱ्याने घरातला देव्हारा सोडून दिला. हे दोघे क्लासच्या एकाच खोलीत राहत होते आणि अजूनही भेटले की एकत्र जेवत. जी मुलं उरली ती वेगळीच झाली. ती प्रश्न विचारू लागली. 'हे कशावरून?' असं शिवलीलाला आयुष्यात कुणी विचारलं नव्हतं. आता रोज विचारत होती, आणि रात्री वाचून आल्याशिवाय तिला वर्गात उभं राहता येत नव्हतं.

तोवर फवारा गावात पसरला होता. औषधांच्या दुकानात तो खोकल्याच्या औषधासारखा मिळू लागला. लग्नाला पाचशे पत्रिका वाटाव्यात आणि साठ माणसं यावीत, असं होऊ लागलं. जे येत ते मात्र खरंच आलेले असत. वरातीत डीजेपुढे नाचायला कुणी मिळेना. पुढाऱ्यांच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवर खाली चेहऱ्यांची जी रांग असायची, ती ओस पडली. जातीच्या मेळाव्यातून एक माणूस मध्येच उठला, "मला हे पटत नाही" म्हणाला आणि चप्पल शोधू लागला. त्याला तिथंच मारलं. हाताचं हाड मोडलं. पोलिसांना तो म्हणाला, "त्यांना राग आला हे समजतं मला. पण मला पटलं नव्हतं."

हा शांतपणाच लोकांना सहन होत नव्हता. ओरडणाऱ्याला गप्प करता येतं. हात जोडून निघून जाणाऱ्याचं काय करायचं, हे कुणाला माहीत नव्हतं. गावाचे दोन तुकडे पडू लागले. फवारेवाले म्हणून पोरांना घरातून काढलं जात होतं. एका गल्लीत औषधाचं दुकान फोडलं.

पालकांची सभा 'शिखरवेध'च्या मोठ्या मांडवात झाली. नागनाथ गुट्टे उदगीरहून आले होते. त्यांचं तिथे हार्डवेअरचं दुकान होतं आणि बायको जाऊन तीन वर्षं झाली होती. त्यांनी वैजनाथला दंडाला धरून आणलं होतं. तो शीतगृहात पेट्या उचलायचं काम करत होता. तिथूनच, कामाच्या कपड्यांतच, त्यांनी त्याला गाडीत घातलं होतं.

"काय करूलालाव तुम्ही आमच्या पोरांचं?" ते व्यासपीठाकडे बोट करून ओरडले. "विचारा याला! विचारा काय व्हायचंय याला! म्हणतो, माहीत नाही! एखादा गाणारा व्हायचंय म्हणाला असता, तरी मी ऐकलं असतं. माहीत नाही म्हणजे काय?"

"खरंच माहीत नाही बाबा," वैजनाथ म्हणाला. "कळलं की सांगेन."

"मग दुकानात बस माझ्या! माझ्याजवळ राहा!"

वैजनाथने थोडा विचार केला. सगळा मांडव ऐकत होता. "आई गेल्यापासून तुम्ही माझ्याशी बोलला नाहीत, बाबा. सुट्टीत आलो की ताट वाढून तुम्ही दुकानात जायचात. मला तुमच्याजवळ राहावंसं वाटत नाही. तुम्हाला वाईट वाटेल, पण खोटं का सांगू?"

नागनाथांनी त्याच्या थोबाडीत मारली. आवाज मांडवभर गेला. वैजनाथने गाल चोळला आणि तो बापाकडे बघत राहिला. त्या बघण्यात चीड असती, तर कदाचित नागनाथांनी त्याला लगेच पोटाशी धरलं असतं. त्यात काहीच नव्हतं. नागनाथांचा हात पुन्हा वर गेला. मग चार-पाच बाप एकदम उठले. कुणी आपल्या पोराला, कुणी दुसऱ्याच्या पोराला धरलं. खुर्च्या उडाल्या. उमाकांतरावांनी माईक दोन्ही हातांनी धरला.

"माझ्यावर विश्वास ठेवा! तुमची मुलं मी तुम्हाला परत देईन! जशी होती तशी!"

त्यावर टाळ्या पडल्या. सगळ्यांच्या एकदम.

"जशी होती तशी म्हणजे काय हो?" शिवलीलाने दुसऱ्या दिवशी जेवताना विचारलं.

उमाकांतरावांनी भाकरीचा तुकडा मोडला. "हैदराबादच्या एका कंपनीने उलटं औषध काढलंय. 'समरस'. माणसात मिसळायला बरं वाटतं त्याने. बाटली सेम आहे. मुलांना कळायचंसुद्धा नाही."

"म्हणजे न सांगता?"

"पालकांची संमती आहे. मुलं सज्ञान नाहीत."

"आणि देणार कोण?"

"तूच देतेस दर आठवड्याला. तुझ्या हातून घेतात ती. माझ्या हातून नाही घेणार." त्यांनी मान वर केली नाही. "शिवलीला, हे आपण हातांनी उभं केलंय. तू आणि मी. पहिल्या वर्षी सतरंजीवर मुलं बसायची, आठवतंय? आता मी रस्त्याने चाललो की लोक दुसऱ्या बाजूला जातात. दुकानदार माझ्याशी बोलत नाही. देवळात माझ्या शेजारी कुणी बसत नाही. तू कधी कुणाची पर्वा केली नाहीस. मला ते जमत नाही."

हे खोटं होतं. ती सगळ्यांची पर्वा करायची. साडीचा रंग निवडतानासुद्धा स्टाफरूममधल्या बायका काय म्हणतील, हे तिच्या मनात आधी यायचं. 'निर्धास्त' तिने कधी घेतलं नव्हतं. ते मुलांचं औषध होतं.

प्रणिताने 'समरस'ची बाटली हातात घेतली आणि तिचा चेहरा उतरला.

"कुलूप तेच आहे मॅडम. किल्ली उलटी फिरवलीय. आमच्या औषधाने तो ओरडणारा पट्टा गप्प होतो, याने तो किंचाळायला लागतो. सारखा. माणूस मग दुसऱ्याच्या चेहऱ्याकडे बघितल्याशिवाय हलूच शकणार नाही. आमटी खारट आहे की नाही, हेसुद्धा पंगतीतल्या शेजाऱ्याकडे बघून ठरवील."

"त्रास होतो त्यांना?"

"नाही ना. तोच तर घोळ आहे. सगळ्यांसारखं केलं की तो आवाज थांबतो, आणि इतकं हायसं वाटतं, की आयुष्यात तसं कधी वाटलं नसेल. लोक स्वतःहून मागतील हे."

जायच्या आधी प्रणिताने पर्समधून 'निर्धास्त'ची एक बाटली काढून पुढे केली. "उद्या तुम्ही काय करणार ते मला माहीत नाही. पण सरांच्या विरोधात उभं राहायचं असेल, तर आत्ता एकदा घ्या. सोपं जाईल."

शिवलीलाने बाटलीकडे पाहिलं. घ्यावी असं तिला फार वाटलं.

"नको गं. घाबरू दे मला. घाबरण्यासारखंच आहे."

सकाळचा तास. बाहेर मैदानात पालक जमले होते, कारण उमाकांतरावांनीच त्यांना बोलावलं होतं. सगळं सुरळीत होतंय हे त्यांना डोळ्यांनी दिसावं म्हणून. वर्गात वैजनाथही होता. "बाबांना बरं वाटत असेल तर बसतो दोन दिवस," असं म्हणून तो मागच्या बाकावर बसला होता. टेबलावर बाटल्यांचं खोकं होतं.

शिवलीला खोक्यासमोर उभी राहिली. तिने टेबलाची कड धरली. छातीत इतकं धडधडत होतं, की पहिल्या बाकावरच्या आम्रपालीला ऐकू जाईल असं तिला वाटलं. आयुष्यभर या मेंदूविषयी ती शिकवत आली होती, आणि आज तो पट्टा तिच्या कपाळामागे बोंबलत होता. सर बरोबर असतील. बाहेर एवढे लोक आहेत, ते सगळे कसे चुकतील?

"या बाटल्यांत नेहमीचं औषध नाही," ती म्हणाली. आवाज चिरका आला. तिने पुन्हा सुरुवात केली. "यात उलटं औषध आहे. हे घेतलंत की सगळ्यांसारखं वागावंसं वाटेल. वेगळं काही करायला गेलात तर सहन होणार नाही. तुमच्या आईवडिलांना ते माहीत आहे. तुम्हाला सांगायचं नव्हतं. मी सांगतेय."

आम्रपाली उठली.

"मॅडम, मी नाही घेणार. पण मी क्लास सोडून जाणार नाही. सगळे म्हणतात, जी राहिली ती मेंढरं. माझ्या घरात कुणी दहावीपुढे गेलं नाही. मी डॉक्टर झाले तर ते सगळ्यांसारखं होणार नाही, आमच्या वस्तीत मी एकटी असेन. मला ते हवंय. तुम्ही शिकवणार ना?"

"शिकवेन."

काही मुलं उठून निघाली. काहींनी खोक्याकडे पाहून मान हलवली. आणि मग मागच्या बाकावरून वैजनाथ पुढे आला.

"मला एक द्या मॅडम."

"वैजनाथ, मी आत्ता काय सांगितलं—"

"ऐकलं. बाबा रोज शीतगृहाबाहेर गाडीत बसून राहतात. जेवत नाहीत. परवा ते रडत होते आणि मी त्यांच्याकडे बघत होतो. मला काहीच वाटलं नाही. काहीतरी वाटायला पाहिजे होतं, असं मला वाटतं. ही माझीच इच्छा आहे. कुणी सांगितलेली नाही."

"मी तुला हे देणार नाही."

"मग तुमच्यात आणि सरांच्यात फरक काय?" त्याने विचारलं. टोमणा मारत नव्हता. खरंच विचारत होता.

शिवलीला त्या खोक्यापासून दोन पावलं मागे सरकली. तेवढंच तिला करता आलं. वैजनाथने बाटली उचलली, वरची पट्टी फाडली आणि सगळ्यांसमोर नाकात मारली. त्याच्यामागून आणखी तिघं आली. प्रत्येकाचं कारण वेगळं होतं. तिने कुणालाच विचारलं नाही.

निघालेली मुलं मैदानात पोचली, तेव्हा बाहेर कळलं. आरडाओरडा वाढत दारापर्यंत आला. उमाकांतराव आधी आत शिरले. त्यांनी वर्गातला माईक घेतला. बाहेरचे भोंगे सुरूच होते.

"मॅडम स्वतः 'निर्धास्त' घेतात," ते म्हणाले. "मी आजवर घरची गोष्ट म्हणून झाकून ठेवली. त्यांच्या बोलण्याकडे लक्ष देऊ नका. त्यांना आपलं-परकं कळेनासं झालंय."

"अहो!" ती म्हणाली. तिने दोन्ही हात पुढे केले. ते लटलट कापत होते. 'निर्धास्त' घेतलेल्या माणसाचे हात असे कापत नाहीत, हे त्या गावात आता शेंबड्या पोरालाही माहीत होतं. पण तिच्या हातांकडे कुणी पाहिलं नाही. दारातले सगळे माईककडे पाहत होते.

नागनाथ गुट्टे गर्दीतून पुढे घुसले. टेबलावरची, मार्करमध्ये भरायची शाईची बाटली त्यांनी उचलली. शाई तिच्या कपाळावर, डोळ्यांत, ओठांत गेली. ती कडू होती. कुणीतरी तिचा पदर ओढला, कुणीतरी "फवारेवाली!" म्हणून ओरडलं, आणि मग सगळेच तो शब्द तालात ओरडू लागले. आम्रपालीने आपली ओढणी काढून तिच्या तोंडावर धरली, तर तिलाही ढकललं. ती बाकावर आपटली. एका डोळ्याने शिवलीलाला उमाकांतराव दिसत होते. ते फळ्याला पाठ लावून उभे होते. माईक अजून हातात होता. एक वाक्य बोलले असते तर लोक थांबले असते. ते बोलले नाहीत.

'शिखरवेध' महिनाभरात पुन्हा भरला. आता 'समरस' लपवायची गरज उरली नव्हती. ते जाहिरातीतच होतं. पालक रांगा लावून मुलांना आणून सोडत. मुलं एका सुरात गुड मॉर्निंग म्हणत. ती खूशही होती. प्रणिताच्या प्रयोगशाळेने तिचं काम काढून घेतलं आणि ती बंगळुरूला गेली. आम्रपाली आणि आणखी काही जण शिवलीलाकडे शिकायला येत. घर सोडून तिने औसा रोडला एक खोली घेतली होती. घरमालकाने दोनदा खिडक्या फुटल्यावर ती रिकामी करायला सांगितली, तेव्हा दुसरी बघितली. तीही फार दिवस टिकणार नव्हती. मुलं सरावली होती. खिडकीपासून लांब बसत.

एकदा डोळ्याचं औषध आणायला गेली असताना शिवलीलाला नागनाथ गुट्टे भेटले. ती वळून चालू लागली. ते मागून आले.

"मॅडम, थांबा. मारत नाही तुम्हाला."

ती थांबली. थोड्या अंतरावर त्यांची गाडी उभी होती. गाडीत वैजनाथ बसला होता. केस क्लासच्या पद्धतीने कापलेले, अंगात ट्रॅकसूट.

"सुधारलं पोरगं," नागनाथ म्हणाले. "सकाळी पाया पडतं. क्लासला जातं. रविवारी माझ्यासोबत दुकानात बसतं. बाबा बाबा करतं."

"मग झालं की. हेच हवं होतं तुम्हाला."

नागनाथ उभेच राहिले. हातातली किल्ली त्यांनी या बोटातून त्या बोटात केली. "चहा घेतोस का विचारलं, तर आधी माझ्याकडं बघतो. मी हो म्हटलं तर हो. मी नको म्हटलं तर नको. परवा मी त्याच्या आईची आठवण काढली. माझे डोळे भरले, तर त्याचेबी लगेच भरले. मला वाटलं, आठवण आली पोराला. मग समोर गिऱ्हाईक हसत आलं, तर हाही हसायला लागला. गालावर पाणी तसंच होतं अन् हसत होता." त्यांनी आवाज खाली आणला. "हे उतरतं का हो, मॅडम?"

"घेणं थांबवलं तर उतरतं."

"मी सांगितलं थांबव. हो म्हणाला. माझ्यापुढे बाटली फेकली. खोलीतली पोरं घेतात ना. त्यांनी घेतलं, की यानंबी घेतलं. तिथून काढून घरी आणला, तर गल्लीतली पोरं घेतात. कुठं नेऊ त्याला? कुठं कुणीच नसतं असं?"

त्या माणसाने तिच्या डोळ्यांत शाई ओतली होती. उजव्या डोळ्याने तिला अजून नीट दिसत नव्हतं. त्याची कीव करावी अशी तिची इच्छा नव्हती. "माझ्याकडे पाठवा," ती म्हणाली. "माझ्याकडे जी मुलं येतात त्यांच्यातली कुणीच एकमेकांसारखी वागत नाहीत. त्यांच्यात बसला तर कुणासारखं व्हायचं हे त्याला ठरवता येणार नाही. फार त्रास होईल त्याला. ओरडेल, रडेल. पण तसा त्रास झाला तरच सुटेल. सुटेलच असं मी सांगत नाही."

"लोक काय म्हणतील? मीच तुम्हाला काळं फासलं अन् माझंच पोरगं तुमच्याकडं?"

"ते तुमचं तुम्ही बघा," असं म्हणून ती निघाली.

नागनाथ आले नाहीत. आठवडाभर वाट पाहून तिने तो विषय सोडला.

उमाकांतरावांच्या घरी राहिलेली तिची पुस्तकं आणायची होती. ती दुपारी गेली. कॉलनीत जेवणानंतरची सुस्ती होती. समोरच्या गॅलऱ्यांत बायका कपडे वाळत घालत होत्या. रिक्षा थांबलेली पाहून त्या कठड्याशी येऊन उभ्या राहिल्या. उमाकांतरावांनी दार उघडलं. ते बारीक झाले होते, पण चेहरा तुकतुकीत होता. बरेच दिवस शांत झोप मिळालेल्या माणसाचा असतो तसा.

पुस्तकं त्यांनीच खोक्यात भरून ठेवली होती. प्रत्येक खोक्यावर सुतळी नीट आवळून बांधली होती. एक खोकं उचलून त्यांनी तिच्याबरोबर पायऱ्यांपर्यंत आणलं.

"डोळा कसा आहे?" त्यांनी हळूच विचारलं.

"आहे."

"मी त्या दिवशी बोलायला हवं होतं."

ती थांबली. इतक्या महिन्यांत तिने याच वाक्याची वाट पाहिली होती, हे तिला आत्ता कळलं. "मग आता बोला," ती म्हणाली. "या सगळ्या बायका ऐकतायत. मी फवारा घेतला नव्हता, एवढं एकच वाक्य मोठ्याने बोला. मी खोकी परत आत नेते."

उमाकांतरावांनी खोकं खाली ठेवलं. त्यांचे ओठ उघडले. शब्द घशापर्यंत आला होता, तो तिला दिसलासुद्धा. मग त्यांची नजर तिच्यावरून सरकली. त्यांनी समोरच्या पहिल्या गॅलरीकडे पाहिलं, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. तिथले चेहरे त्यांनी एकेक करून नीट न्याहाळले. त्या चेहऱ्यांवर तिरस्कार होता.

पुन्हा ते तिच्याकडे वळले, तेव्हा त्यांच्याही चेहऱ्यावर तो उमटलेला होता, आणि त्याखाली त्यांना किती हायसं वाटत होतं, ते तिला स्पष्ट दिसत होतं.